सोडलेली सरी

जी गोष्ट खुद्द डॉक्टरीणबाईंनाच ठाऊक नव्हती, ती आपल्या बाजूनं व्हावी म्हणून मी वशिला लावला. हणम्या, माझ्या मूर्खपणाचे किस्से तुझ्याइतके कुणालाच पाठ नव्हते, आणि त्यांत पहिला नंबर याचाच, हे तू चारचौघांत सांगायचास. आता सांगायला तू नाहीस, तर म्हटलं मीच सांगावं.

परवा तुझं तेरावं झालं. आष्ट्याहून साताऱ्याला परतताना एसटीत शेजारची जागा रिकामी होती आणि मी तिच्यावर पिशवी ठेवली नाही. कंडक्टर म्हणाला, "काका, कुणी यायचंय का?" मी "न्हाई" म्हणालो आणि कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर काय होतं ते विचारू नकोस. ऊसच असणार.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. फौजेतली नोकरी, आडसाली ऊस, पोरींना शिकवलंस ते. सगळं खरं. पण ते कुणालाही ठाऊक आहे. माझं तुझ्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि तू असा मधेच उठून गेलास.

झटका आला तेव्हा मिरजेला तुझी बंद पडलेली नळी मोकळी केली, जाळी बसवली, जीव वाचला. पण काळजाचा एक कोपरा मेला तो मेलाच. इकोच्या पडद्यावर मी पहिल्यांदा माणसाचं काळीज चालताना बघितलं. विज्ञानाचा मास्तर मी, उभी हयात साताऱ्याच्या हायस्कुलात फळ्यावर काळजाच्या आकृत्या काढल्या. पण ते खरोखर उघडतंय, मिटतंय, कुणी सांगितलं नाही तरी राबतंय, हे बघून माझ्या तोंडातून शब्द निघेना. निघाला तो चुकीचा. पडद्यावरच्या काळ्या भागाकडं बोट करून मी म्हणालो, "अरेरे, केवढा मोठा भाग गेलाय!" तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "तो रक्ताचा कप्पा आहे. तो असा रिकामाच दिसतो." आणि तू उताणा पडल्या पडल्या पडद्याकडं मान वळवून म्हणालास, "मास्तर, तिकडं न्हवं, हिकडं बघ. सगळी खपत्यात, आन् ह्या कोपऱ्यातलं गडी बांधावर बसल्यात."

त्या बसलेल्या गड्यांपायी तुझा मळा लांब गेला. घराच्या सोप्यातून ऊस दिसायचा. पण मधला ओढा ओलांडला की तुझा दम संपायचा आणि तू तिथल्या सिमेंटच्या पाइपावर बसायचास. फौजेत असताना कुठल्या कुठल्या डोंगरांवर ओझी घेऊन चढलेला माणूस स्वतःच्या उसाकडं लांबून बघतोय. तुला दुसरं काही नको होतं. आपल्या पायानं आपल्या मळ्यात जायचं होतं, एवढंच.

म्हणून आपण पुण्याला गेलो. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, काळजाचा मेलेला भाग मूळपेशींनी सुधारतो का, याचा प्रयोग चालू होता. डॉक्टरीणबाई तरुण, बारीक अंगाच्या. त्यांनी कागदावर काळीज काढलं, माझ्यापेक्षा बरं, आणि समजावलं. कमरेच्या हाडात मगज असतो, पुस्तकातली अस्थिमज्जा. त्यात अशा काही पेशी असतात की पुढं आपण काय व्हायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. त्या काढायच्या, निवडून घ्यायच्या आणि बारीक नळीतून काळजाच्या रक्तवाहिनीत सोडायच्या. तिथं जाऊन त्या काही मदत करतात का, ते बघायचं.

"करत्यात का?" तू विचारलंस.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच बघायचंय."

तुझा चेहरा खुलला. बाहेर आल्यावर म्हणालास, "बाई खरी हाय. न्हाई ठावं तर न्हाई म्हणाली."

पण माझं लक्ष त्यांच्या पुढच्या वाक्यात अडकलं होतं. मगज सगळ्यांचाच काढणार. पण पेशी निम्म्यांनाच मिळणार. उरलेल्या निम्म्यांना दिसायला तसंच, पण नुसतं साधं द्रव. गोळ्या, तपासण्या, काळजी सगळ्यांना सारखी. कुणाच्या वाट्याला काय आलं ते रोग्याला कळणार नाही आणि त्यांनाही नाही. चिठ्ठ्या उचलाव्यात तसं ते संगणकावर ठरतं. तुम्ही 'नको' म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही, घरी जाऊन विचार करा, असंही त्या म्हणाल्या.

हणम्या, एक रोप खिडकीत आणि एक कपाटात, हा धडा मी किती पिढ्यांना शिकवला! कपाटातलं रोप नसेल तर खिडकीतल्याचं काही सिद्ध होत नाही, हे पोरांकडून घोकून घेतलं. पण तोच धडा जिताजागता समोर उभा राहिला तेव्हा मला त्यात काय दिसावं? रेशनची रांग. पुढं ओळखीचा माणूस असला तर चांगले गहू मिळतात, ती.

माझा एक जुना विद्यार्थी पुढाऱ्याच्या मागंपुढं असतो. त्याला फोन लावला.

"बोला गुरुजी. बदली का अॅडमिशन?"

"तसलं न्हाई रं. मूळपेशी."

तो म्हणाला, "कुठल्या खात्यात येतं?"

"आरोग्य."

"मग होतंय की!"

आणि त्यानं केलं. पुण्याला फोन गेला, गुरुजींचा माणूस आहे, त्याला चांगल्यातलं द्या. वर मी काकवीचा डबाही पुढं केला होता, तो बाईंनी घेतला नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी आपल्या दोघांना आत बोलावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसत होत्या.

"सर, तुम्ही कोणता विषय शिकवायचात?"

"विज्ञान."

"अरे बापरे."

मग त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मला कळलं ना, तर हा प्रयोगच बाद. पेशी दिल्यात हे ठाऊक असलं की मी यांच्याकडं आशेनं बघणार. आणि आशेनं बघितलं की पडद्यावर हवं ते दिसायला लागतं. म्हणून आम्ही आमच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलीय. ती तुम्ही सोडवायला सांगताय."

तू उठून उभा राहिलास, हात जोडलेस आणि म्हणालास, "बाई, माफी करा. ह्यो माझा मित्र हाय, पण माणूस वाईट न्हाई."

त्यातला तो 'पण' मला अजून टोचतो.

परतीला तू खंबाटकीचा घाट येईपर्यंत बोलला नाहीस. मला वाटलं, छातीत दुखतंय. तू नुसता धुमसत होतास.

"मास्तर, माझ्या उसात सोडल्याली सरी बघितलीस न्हवं तू?"

बघितली होती. नवं खत येवो, फवारा येवो, जिवाणूंचा डबा येवो, तू सगळ्या रानाला घालायचास आणि मधली एक सरी कोरडी सोडायचास. दोन्ही टोकांना काठी रोवून लाल चिंधी बांधायचास, म्हणजे चुकून कुणी तिथं खत टाकायला नको. सगळा गाव हसायचा. त्या सरीनं काय पाप केलंय, मेजर? तू म्हणायचास, तीच येकटी खरं बोलती. आणि ऊसतोडीला टोळी आली की नारळ फोडायचास तो त्या सरीच्या तोंडाशी. टोळीवाला एकदा म्हणाला, "ह्यो बारका ऊस, आन् नारळ हिलाच?" तू म्हणालास, "हिनं उपाशी ऱ्हाऊन मला शाणं केलं. बाकीच्यांनी नुसतं खाल्लं."

आणि मी? गावाकडच्या माझ्या वाट्याच्या तुकड्यात मी प्रदर्शनातून आणलेला डबा एक थेंब न ठेवता सगळीकडं ओतला. ऊस कळकासारखा आला. पारावर, हॉटेलात, मयतीला गेलो तरी मी त्या डब्याचं गुणगान गायचो. तू एवढंच विचारलंस, "सरी सोडलीस?" मी म्हटलं, "सोडून नुकसान कशाला करू?" तू म्हणालास, "मग तुला कळलं काय?" त्या साली पाऊसच असा बेताचा, वेळेवर झाला होता की बांधावर पडलेल्या कांडीलाही फुटवे आले होते. पुढच्या साली माझ्या शब्दावर निम्म्या भावकीनं ते डबे आणले. ऊस नेहमीसारखाच आला, आणि लग्नाकार्यात पंगतीला माझ्यापाशी आलं की वाढपी पुढं सरकायला लागले.

घाटात तू म्हणालास, "येका सरीला खत, येकीला न्हाई. त्यात मी कुठली, ते ठरवणारा तू कोण?"

"हणम्या, ती उसाची सरी. तू माणूस आहेस!"

"म्हणून तर बाईंनी इचारून घेतलं. उसाला कोण इचारतं व्हय?"

मी गप्प झालो. पण माझं गप्प होणं किती टिकतं ते तुला ठाऊक आहे. घाट उतरून वेळे गाव मागं पडलं आणि मी परत तोंड उघडलं. "आणि तू सोडलेली सरी निघालास तर?"

"तर निघालो. कुठलीतरी निघाया पायजे. त्याबिगर कळंल कसं?"

कळवळून बोलला असतास तर मी वाद घातला असता. तू ते असं बोललास, जसं 'पाण्याची पाळी आज आपली न्हाई' असं सांगावं. मी आयुष्यभर शिकवलेली गोष्ट कुणीतरी स्वतःच्या छातीवर घेतंय, हे मी पहिल्यांदा बघत होतो. तेव्हा मला तुझा रागच आला. मला मित्र हवा होता, प्रयोग नको होता.

हाडातला मगज काढायच्या दिवशी मी पडद्यापलीकडं बसलो होतो. आत येऊ नका, असं मला स्वच्छ सांगितलं होतं. मी डोकावलो. तू पालथा पडलेला, कमरेत ती जाड सुई, आणि पिचकारीत येणारा लालभडक मगज. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा माझे पाय उशांवर होते, दोन नर्स माझ्या तैनातीत होत्या, आणि पडद्याआडून तुझं हसू आणि बाईंचा आवाज येत होता, "हलू नका, मेजर, हलू नका!" संध्याकाळी वॉर्डात चहा आला तो आधी मला दिला. सगळ्यांची समजूत, पेशंट मीच.

मग त्यांनी नळीतून काहीतरी तुझ्या काळजात सोडलं. पेशी किंवा पाणी. साध्या द्रवाला आपण दोघं 'पाणी'च म्हणायचो. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

पाऊस सरता सरता तू ओढ्याच्या पाइपापाशी न बसता पुढं गेलास. आधी वडाच्या झाडापर्यंत, मग विहिरीपर्यंत. आणि एका सकाळी तुझा फोन आला. "ऐक," म्हणालास आणि काहीच बोलला नाहीस. सळसळ ऐकू येत होती. मी "हॅलो हॅलो" करून ओरडत होतो. मला वाटलं, रेंज गेली. तू म्हणालास, "आरं गप की जरा. उसाच्या मधी उभा हाय." तेव्हा कुठं मला कळलं. तुझी धाप ऐकू येत नव्हती, पाला तेवढा वाजत होता. साताऱ्यात स्वयंपाकघरात उभा राहून मी तुझा ऊस ऐकला. एवढं ऐकल्यावर माणसानं शांत राहावं की नाही? मी ओरडलो, "पेशी!"

"पाणी," तू म्हणालास.

"पाण्यानं काळीज सुधारतं होय रे?"

"गोळ्या खातोय, रोज चालतोय, शालनच्या हातचं आळणी कालवण गिळतोय. त्याचं काय? मास्तर, तू परत सगळ्या रानात डबा वतलास."

त्यानंतर तुझ्या उसाच्या आणखी चार तोडी झाल्या आणि प्रत्येक भेटीत हे भांडण झालं. पाचगणीला टेबललँडवर तू न थांबता चढलास. मी मागं धापा टाकत होतो. घोडेवाला माझ्याकडं बोट करून तुला विचारतो, "भाऊ, पेशंटला घोडा देऊ का?" तिथंही मी दम खात म्हणालो, "बघ... पेशी!" खरं सांगू? मला जिंकायचं होतं, पण तुझ्यासाठी. तुला चांगल्यातलं मिळालं असं मला वाटायला हवं होतं. नाहीतर तुझ्या कमरेत ती सुई घातली, आणि त्या बदल्यात तुला काहीच दिलं नाही, हे मी सहन कसं करायचं?

तू मात्र कधी विचारलं नाहीस. बाई सांगतील तवा ऐकायचं, तोवर न्हाई. दर तपासणीला बाईंना एवढंच विचारायचास, "सगळी आल्ती का?" तुझ्यासारखेच प्रयोगातले बाकीचे. नावं ठाऊक नाहीत, तोंडं बघितलेली नाहीत, आणि तू पलटणीतल्या हवालदारासारखी त्यांची हजेरी घ्यायचास. मी ते बघायचो आणि दिपून जायचो. आणि तुला ते कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नाही. मी तुला हणम्या म्हणायचं, तू मला येडा म्हणायचं, त्यात सगळं आलं असं आपण धरून चाललो. सगळं येत नाही रे त्यात.

गेलास तेही मळ्यातून चालत येऊन, जेवून, दुपारी पडल्या पडल्या. शालनवहिनी सांगत होत्या, पायाला ओली माती तशीच होती.

तेरावं उरकून घरी आल्यावर मी बाईंना फोन केला. तू गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आमचं काम पूर्ण झालंय. पट्टी सुटली. घरच्यांना ऐकायचं असेल तर मी सांगू शकते. पण वहिनींना विचारा. तुम्ही ठरवू नका." मला किती चांगलं ओळखतात बघ.

म्हणून मी काल परत तुझ्या घरी गेलो. शालनवहिनी सोप्यात लसूण सोलत बसल्या होत्या. मी घाबरत घाबरत विचारलं. त्यांनी हात थांबवला नाही. "सांगू द्या की. बाई सांगतील तवा ऐकायचं, असं त्ये म्हणायचं. आता त्ये न्हाईत, तर मी ऐकती."

फोन पाटावर ठेवला, आवाज मोठा केला. आम्ही दोघं त्या फोनकडं असे बघत होतो, जणू तूच आतून बोलणार आहेस.

बाई म्हणाल्या, "वहिनी, त्यांना पेशी दिल्या गेल्या नव्हत्या. साधं द्रव होतं."

हणम्या, त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघावं? "नक्की ना? चिठ्ठी बदलली तर नसंल?"

"नक्की, सर," बाई म्हणाल्या. मग अगदी सावकाश बोलल्या. पेशी कामाच्याच नाहीत असं नाही. पण आम्हांला वाटलं होतं तेवढा फरक दोन्ही गटांत दिसला नाही. अजून पुष्कळ शोधायचं आहे. "मेजर मळ्यापर्यंत चालत गेले ते आम्ही बघितलं. साध्या गोळ्या, रोजचं चालणं, जेवणातली शिस्त एवढ्यावर त्यांचं काळीज सावरलं. त्यांच्यासारखी माणसं नसती तर ते चालणं आम्ही पेशींच्या नावावर लिहिलं असतं. आणि पुढं येणाऱ्या प्रत्येकाला तसंच सांगितलं असतं. आम्ही चुकलो असतो, आणि आम्हांला कळलंही नसतं."

फोन बंद झाला. बाहेर ट्रॅक्टर गेला, भिंत थोडी हादरली. म्हणजे तू जिंकलास. सगळी वर्षं तू जिंकतच होतास. तुझ्या हाडातून काढलं ते तुला परत मिळालंच नाही. आणि तरी त्या काळजाचे उरलेले गडी उठले, कोपऱ्यातल्या मेलेल्यांचंही काम आपल्या अंगावर घेऊन इतकी वर्षं राबले. ते जास्त थोर, की कुठल्या तरी अनोळखी माणसाला उद्या खरं सांगता यावं म्हणून तू कोरडा राहिलास ते जास्त थोर, माझं मलाच ठरवता येईना. मला वाटलं, हे वहिनींना कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे.

मी सुरुवात केली. "वहिनी, तुम्हांला कळतंय का हणम्यानं काय केलंय? जी माणसं त्यानं कधी बघितली नाहीत..." तिथून मी जो निघालो तो जगभरच्या हृदयरोग्यांपर्यंत गेलो, न जन्मलेल्यांपर्यंत गेलो, विज्ञान म्हणजे काय, त्याग म्हणजे काय, मधेच माझा आवाज फाटला, तो सावरून मी परत पहिल्यापासून धरलं. हातवाऱ्यांनी लसणाची सालं सोपाभर उडाली. वहिनींनी मनगटानं डोळे पुसले. मला वाटलं, पोचलं यांच्यापर्यंत.

त्या म्हणाल्या, "आवं गुरुजी, त्यांनी गप पडून केलं ते. तुमी किती येळ सांगताय?"